माती आणते

ही गोष्ट खरी आहे.

विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. मी फ्लॅट विकते, त्यामुळे माझ्यावर विश्वास न ठेवणाऱ्यांची मला सवय आहे. पण यात मी एक शब्द वाढवलेला नाही. उलट दोन-तीन गोष्टी गाळल्यात, कारण त्या लिहायला हात धजत नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपार होती. गेल्या वर्षीची आषाढातली अमावास्या, म्हणजे गटारी. बिल्डिंगभर मटणाचा वास सुटला होता. आता तुम्ही म्हणाल, गटारीला काय, कुणालाही काहीही दिसतं. तर मी पीत नाही. आणि दुपारी बारा वाजता आमच्याकडे पिणारेही अजून बसलेले नसतात.

जागा... आमच्या बिल्डिंगचं खालचं पार्किंग.

गावाचं खरं नाव सांगत नाही. सांगितलं तर अर्धे बिल्डर संध्याकाळपर्यंत माझ्या दारात उभे राहतील. आपण उंबरखार म्हणू. रायगडच्या उत्तर टोकाला, न्हावा शेव्याच्या अलीकडे, खाडीला लागून.

आमचं गाव आगऱ्यांचं. भातशेती आणि मिठागरं. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा एक लांबलचक बांध. त्या बांधाच्या जिवावर गाव जगायचं.

मग रेल्वे येणार असं ठरलं. जमिनी गेल्या. स्टेशन आधी झालं, माणसं फार नंतर आली. कित्येक वर्षं आमच्या स्टेशनला प्लॅटफॉर्म होता, छत होतं, नावाची पिवळी पाटी होती, फक्त गाडी नव्हती. तिकीट खिडकीपाशी बकऱ्या बसायच्या. मी समोर पत्र्याच्या टपरीत ऑफिस टाकलं तेव्हा गाव पोट धरून हसलं होतं.

"भाविका, कोनाला इकतेस गो फ्लॅट? बगल्यांना?"

मग गाडी सुरू झाली.

आधी एक वडापावची गाडी लागली. मग मेडिकल आलं. रिक्षा स्टँड, क्लासवाले, सोनाराचं दुकान, दातांचा डॉक्टर. बघता बघता टॉवर. माझी आई जिथे चिंबोऱ्या धरायची तिथे आता मुलांचं फुटबॉलचं मैदान आहे, तेही खोट्या गवताचं. बांधावर मुरमाचा भराव पडला. त्यातले निम्मे डंपर आमच्याच घरचे, माझ्या नवऱ्याचे, दिपेशचे. खोटं कशाला बोलू, या शहराने आम्हाला चांगले दिवस दाखवले.

आणि या शहराची पहिली जागा दाखवली होती माझ्या वडिलांनी. हिरामण. आम्ही त्यांना नाना म्हणायचो.

मोजणीवाले साहेब आले होते. त्यांनी गावकऱ्यांना विचारलं, बांध सगळ्यात पक्का कुठे आहे? सुरुवात कुठून करायची? कुणी बोलेना. सगळे नानांकडे बघत होते. नाना चालत गेले, एका जागी थांबले आणि पायाने खूण केली.

"इथं. इथं कवा फुटायचा न्हाय."

तिथूनच काम सुरू झालं. स्टेशनच्या उद्घाटनाला नानांना शाल-श्रीफळ मिळालं. फोटोत सगळे हसतायत. नाना नाहीत हसत.

त्या जागेला लागून आमची बिल्डिंग उभी राहिली. आम्हाला त्यात फ्लॅट मिळाला. बाकीचे बरेचसे मी विकले.

आता एक रीत सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

उधाणाच्या भरतीला बांधाला भगदाड पडलं, तर त्याला आमच्याकडे खांड म्हणतात. खांड पडली की खारं पाणी शेतात शिरायचं आणि मग दोन-तीन वर्षं भाताचा दाणा नाही. म्हणून खांड पडली की घरटी एक माणूस धावायचा. पाण्याला ओढ फार असायची. नुसती माती टाकली तर टिकायची नाही. मग आमच्या गावचे पुरुष खांडीतच बसायचे. खांद्याला खांदा लावून, खाडीकडे तोंड करून, मांडी घालून. बायका त्यांच्या पाठीला चिखलाचे गोळे लावत जायच्या, हाताने थापत, चोपत. माती धरली की एकेकाला नावाने हाक मारून उठवायचं.

हाक आली नाही तोवर उठायचं नाही. पाणी छातीला लागो की गळ्याला. हा नियम होता.

ती हाक आमच्या घराची. आजोबांकडे होती, त्यांच्यानंतर नानांकडे. हाक देणारा स्वतः कधी बसत नसे. लहानपणी मला याचा फार अभिमान वाटायचा.

आता वाटत नाही.

नाना म्हातारे झाले, पण एक सवय सुटली नाही. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, दुपारी बाराच्या सुमाराला, ते लिफ्टने खाली पार्किंगमध्ये जायचे. एकटे. विचारलं तर म्हणायचे, गाडी बघून येतो. पार्किंगमध्ये गाडीला काय होणार? मी हसून सोडून द्यायचे. वर येऊन जेवायला बसले की त्यांचा घास अडकायचा, तिकडेही मी लक्ष दिलं नाही. त्या दोन तिथींना आमच्या खाडीला मोठं उधाण दुपारीच येतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. खाडी भिंतीपलीकडे गेली, आणि आम्ही तिथी फक्त मटण-मच्छीपुरत्या बघू लागलो.

एकदा मी त्यांना बोलवायला गेले. नाना शेवटच्या भिंतीसमोर उभे होते. पाठमोरे.

"बस रं," ते म्हणत होते. "बस जरा. माती आनतो."

समोर कुणीच नव्हतं.

मी समजले, वय झालं.

पौषात नाना गेले. आणि त्यांच्यानंतर पार्किंग गळायला लागलं.

रोज नाही. फक्त उधाणाला. भिंतीतून पाणी झिरपायचं आणि घोट्यापर्यंत साठायचं. सोसायटीने माझ्या नावाने ओरड सुरू केली, कारण घरं मी विकली होती. तर गटारीच्या दुपारी मी वॉचमनला घेऊन खाली उतरले. विपुल त्याचं नाव. तो पंप चालू करायला पलीकडच्या खोलीत गेला.

मी एकटी राहिले.

आधी कबुतरं गप्प झाली. पार्किंगमधली कबुतरं कधी गप्प नसतात.

मग पंपाचा आवाज यायला हवा होता... तो आलाच नाही.

मग वास आला. चिखलाचा. गटाराचा नव्हे, खाडीच्या काळ्या चिखलाचा, ओहोटीला येतो तो. माझ्या लहानपणाचा वास. त्या सिमेंटच्या खोक्यात तो कुठून यावा?

मी मोबाईलचा टॉर्च भिंतीवर मारला. सगळी भिंत पाझरत होती.

एक जागा सोडून.

शेवटच्या भिंतीला, खाली, लादी कोरडी होती. चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये तेवढाच कोरडा तुकडा. पाणी त्याच्या कडेपर्यंत यायचं आणि थांबायचं. मी टॉर्च जवळ नेला. आकार नीट दिसला...

मांडी घालून बसलेल्या माणसाएवढा.

मला कळलं नाही असं नाही. मला लगेच कळलं. आगऱ्याच्या घरात जन्मलेल्या कुणालाही कळलं असतं.

आणि मग अगदी खालून, माझ्या गुडघ्यांच्या उंचीवरून, आवाज आला. घाबरवणारा नव्हता. थकलेला होता. परवानगी मागणारा.

"उठू का... बाय?"

बाय. नानांना तो 'बाय' म्हणाला नसता. हाक आता कुणाकडे आली आहे, हे त्याला ठाऊक होतं.

मी कशी वर आले ते आठवत नाही. विपुल नंतर म्हणाला, पंप तर चालू होता मॅडम, केवढा आवाज करत होता.

*

दुसऱ्या दिवशी मी जुन्या गावठाणात चंद्राकाकीकडे गेले. चंद्राबाई आमच्या नात्यातली नव्हे, शेजारची. तिचा नवरा मोरूकाका माझ्या जन्माआधी खाडीत वाहून गेला, असं आम्हाला सांगितलेलं. प्रेत मिळालं नाही म्हणून काकीने कधी बांगड्या उतरवल्या नाहीत. म्हातारपणीही हातभर हिरवा चुडा. गावात बायका तोंडावर काही बोलत नसत, मागून बोलत.

ती आजारी होती. पोटात पाणी झालं होतं, डॉक्टरने हात टेकले होते. मी सगळं सांगितलं. ती जराही दचकली नाही.

"तुज्या बापाशीनं सांगला न्हाय तुना?"

मग तिनेच सांगितलं.

त्या वर्षी मोठी खांड पडली होती. पुरुष बसले, बायकांनी माती लावली, त्यात काकीही होती. मोरूकाकाच्या पाठीला तिनेच माती लावली. माती धरली. नानांनी हाका मारल्या, एकेक जण उठला. शेवटी मोरूकाका राहिला. तो जरा हलला की त्याच जागेवरून पाणी फुटायचं. जवळची माती संपली होती.

नाना म्हणाले, "बस जरा. माती आनतो."

सगळेच गेले मातीला. लांब जावं लागलं. परत येईपर्यंत दुसरी भरती लागली होती.

बांध शाबूत होता. मोरूकाका नव्हता.

"वाहून गेला बोलले," काकी म्हणाली. "पन बांधाला थय फुगवटा आलता, बाय. मानसाएवरा. सगल्यांनी बघला. कोनी खनला न्हाय. खनला असता तं बांध फुटला असता."

मी खाली मान घालून बसले. नानांची पायाची खूण मला दिसत होती. इथं कवा फुटायचा न्हाय.

का फुटणार नाही, हे त्यांना माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. आणि त्यावर स्टेशन आलं, शहर आलं, आणि मी त्याची जाहिरात केली, खाडीचा वारा, स्टेशनला लागून.

काकीने माझा हात धरला. तिच्या बांगड्या माझ्या मनगटाला टोचल्या.

"हाक आथा तुजी हाय. त्याला ऊठ म्हन. मी जायाच्या आदी म्हन. मना एकटीला जायाचा न्हाय."

"काकी, पण तो उठला तर..."

"पानी येल. येऊ दे." ती पहिल्यांदाच चिडली. "तुमच्या बिल्डिंगींचा ठेका घेतलाय का त्यानी? किती बसवाल?"

मी म्हणाले, हो काकी. पुढच्या उधाणाला सांगते. शप्पथ घेतली मी, तिच्या हातावर हात ठेवून.

*

पुढचं उधाण नारळी पौर्णिमेचं.

सकाळी खाडीवर जाऊन नारळ वाहिला. हात जोडून म्हणाले, सांभाळून घे. दुपारी पार्किंगमध्ये उतरले. विपुलला वरच थांबवलं.

पाणी घोट्याच्या वर होतं. कोरडी जागा तिथेच होती.

मी समोर जाऊन उभी राहिले. मन पक्कं केलं होतं. काकीचा चेहरा डोळ्यांसमोर धरला होता.

कबुतरं गप्प झाली.

वास आला...

"उठू का, बाय?"

मी तोंड उघडलं. एकच शब्द होता. माझ्या आजोबांपासून आमच्या घराने हजारदा उच्चारलेला.

"ऊ..."

आणि भिंत हलली. म्हणजे, हलली असं म्हणता येणार नाही. भिंतीने श्वास सोडला. कोरड्या जागेच्या कडेवरून पाण्याची एक बारीक रेघ आत आली. तो उठायच्या तयारीत होता. माझ्या पोटरीला पाण्याची ओढ लागली.

त्याच वेळी वरून आवाज आले. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. जिन्यात मुलं धावत होती, सणाची सुट्टी होती ना. त्यातला एक आवाज माझ्या मुलीचा, प्राप्तीचा. पलीकडे स्टेशनवर गाडी लागत होती, घोषणा चालली होती. मी विकलेली घरं. मी ज्यांना पेढे दिले होते ती माणसं. म्हाताऱ्या, बाळं, सगळी वर जेवायला बसलेली, नारळीभाताचं ताट समोर घेऊन.

माझ्या तोंडून शब्द बाहेर पडले. माझे नव्हते ते. पण आवाज माझाच होता.

"बस जरा. माती आणते."

पाण्याची रेघ थांबली. हळूहळू मागे सरली.

आणि मग, त्याने रागवायला हवं होतं हो, शिव्या द्यायला हव्या होत्या...

"बरा, बाय."

एवढंच म्हणाला.

मी पाण्यातच खाली बसले आणि रडले. नाना दर अमावास्या-पौर्णिमेला हे ऐकून वर यायचे आणि आमच्याबरोबर जेवायला बसायचे. त्यांचा घास का अडकायचा ते मला त्या दिवशी समजलं.

संध्याकाळी काकीकडे गेले. ती दाराकडे डोळे लावून पडली होती.

"उठला?"

मी तिच्याकडे बघितलं.

"हो काकी. उठला."

तिचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. तिने मला बांगड्या काढायला लावल्या. हात सुजले होते, काही कापाव्या लागल्या. सगळ्या काढल्या. रिकामे हात बघून म्हणाली, "झाला. आथा तो म्होरं, मी मागं."

थोड्याच दिवसांत ती गेली. तिला शेवटची आंघोळ मी घातली. तिच्या हातात एकही बांगडी नव्हती. हे मी पुन्हा सांगते, कारण पुढे ते महत्त्वाचं आहे. एकही नव्हती.

*

मी माती आणते म्हणाले होते. म्हटलं की आणायला हवी. निदान तेवढं तरी.

पण उंबरखारमध्ये आता माती कुठे आहे? सगळीकडे पेव्हर ब्लॉक आणि डांबर. शेवटी स्टेशनसमोरच्या नर्सरीतून लाल मातीची पिशवी विकत घेतली, कुंड्यांसाठी मिळते ती. पिठोरी अमावास्येच्या सकाळी ती पार्किंगमध्ये नेऊन ठेवली. तोंड सोडून ठेवलं. आणि दुपारी खाली गेले.

पाणी नव्हतं.

भिंत खडखडीत कोरडी.

मी वाट बघितली. कबुतरं गप्प झाली. वास आला. मी हात जोडून उभी राहिले...

कुणी काही विचारलं नाही.

उधाण उतरलं तशी कबुतरं पुन्हा घुमायला लागली. मग मी टॉर्च लावला.

पिशवी रिकामी होती.

माती त्या जागेभोवती लावलेली होती. गुडघाभर उंच, अर्धगोल बांध. ओला. आतल्या बाजूने गुळगुळीत, मध्ये जरा खोलगट, जशी कुणाची पाठ टेकलेली असावी. आणि बाहेरच्या बाजूने हाताने थापलेला. बोटं नीट दिसत होती. बायकी हात, बारीक बोटांचा.

मनगटाच्या जागी मातीत रेघा उमटल्या होत्या. एकीखाली एक, गोल, बारीक रेघा.

बांगड्यांच्या.

मी सांगितलं ना, एकही नव्हती.

तिने पुन्हा घातल्या होत्या. म्हणजे तिला कळलं होतं. पुढे जाऊन बघितलं असेल तिने, तो दिसला नसेल. आणि मग ती मागे फिरली असेल. मला जाब विचारायला नाही. त्याच्या पाठीला माती लावायला.

विपुलने विचारलं, मॅडम, हे कुणी केलं? मी म्हटलं, वॉटरप्रूफिंगचं काम चालू आहे, हात लावू नकोस. त्याने दोरी बांधली. आता पार्किंगमध्ये थेंबभर पाणी येत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझ्या अभिनंदनाचा ठराव झाला. चेअरमन कॉन्ट्रॅक्टरचा नंबर मागतात.

मी अजूनही दर उधाणाला माती नेते. दर वेळी पिशवी रिकामी होते. नर्सरीवाला विचारतो, ताई, गॅलरीत केवढी बाग केलीय? मी हसते. माझ्या गॅलरीत साधी तुळस नाही.

पण तो आता विचारत नाही.

तेच मला सहन होत नाही. मी तासभर उभी राहते. वाटतं, एकदा विचार बाबा. एकदाच विचार. यावेळी मी नीट उत्तर देईन. आणि वर कुकरची शिट्टी झाली की माझं मलाच कळतं, मी काय उत्तर देणार ते. बहुतेक त्या दोघांनाही कळलंय. म्हणून विचारत नाहीत.

काल ऑफिसमध्ये एक जोडपं आलं होतं. नवीन लग्न झालेलं, पहिलंच घर बघतायत. मुलगी जरा घाबरट होती. तिने दोनदा विचारलं, "ताई, खाडी एवढी जवळ आहे. इथे पाणी भरत नाही ना?"

माझ्या नखांत लाल माती होती. मी हात टेबलाखाली घेतला.

"इथे कधीच नाही," मी म्हणाले.